अठरा तारखेचे पैसे

२ एप्रिल

ती. मामा, नमस्कार.

१. दहा जानेवारीला मी डोंगरावरच्या विश्रामगृहात दोन खोल्या राखून ठेवल्या. २० ते २४ मे. एक तुमची आणि मामीची, एक माझी.

२. वर जायला रस्ता नाही. रोपवेनेच जावं लागतं. रोपवे आणि विश्रामगृह एकाच कंपनीची आहेत.

३. एकूण रकमेचा पाव हिस्सा मी तेव्हाच आगाऊ भरला.

४. मार्चपासून रोपवे वार्षिक दुरुस्तीसाठी बंद आहे. कंपनी म्हणते, १० मेला सुरू होईल.

५. काल कंपनीचं पत्र आलं. उरलेली रक्कम १८ एप्रिलपर्यंत भरायची. नाही भरली तर खोल्या जाणार आणि आगाऊ दिलेलेही जाणार. भरल्यानंतर कंपनीनेच सहल रद्द केली तर सगळे पैसे परत. किती दिवसांत, ते लिहिलेलं नाही.

६. मामीने शिवणकामातून साठवलेले पैसे फेब्रुवारीत माझ्या हातात दिले. ते तुमच्या खोलीचे. अजून माझ्याकडेच आहेत.

हे सगळं लिहून पाठवते, कारण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता. चाळीस वर्षं लेथजवळ उभं राहिल्यावर कोणाचेही कान असेच होतील, तेव्हा ही तक्रार नाही.

रोपवे वेळेवर सुरू होईल की नाही, मला माहीत नाही. पण कंपनी स्वतः नाही म्हणत नाही, तोवर आपण माघार घेऊ नये असं मला वाटतं. मामीने लग्नानंतर एकदाही चार दिवस शिवणयंत्र बंद ठेवलेलं नाही. म्हणून १८ तारखेला पैसे भरणार आहे.

माझं काम नेहमीसारखंच. प्रयोगशाळेत तारदोराचे तुकडे येतात. क्रेनचे, लिफ्टचे, कशाकशाचे. पीळ उलगडायचा, पेड सुटे करायचे, एकेक तार रॉकेलने पुसून मोजायची. तुकड्यावर फक्त क्रमांक असतो. दोर कोणाचा, ते आम्हाला सांगत नाहीत. ते बरंच आहे.

तुमची,
भाची

---

६ एप्रिल

चि. मोजपट्टी, आशीर्वाद.

पत्र मामीने आधी वाचलं, मग मला मिळालं. या घरात टपालाचा तोच क्रम आहे. तुझे सहा मुद्दे वाचले. सहाही बरोबर. खालचा निर्णय चूक.

पैसे भरू नकोस.

कारण ऐक. काल न्हाव्याकडे बसलो होतो. शेजारच्या खुर्चीत कोण, तर पाना! आमच्या कारखान्यातला जुना फिटर. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. हल्ली रोपवेच्या खालच्या ठाण्यावर कामाला आहे. म्हटलं, "काय रे, दहा मेला डबे हलणार का?" तोंडभर साबण, तरी हसला. म्हणतो, "टर्नरसाहेब, तुम्ही आपला डबा घरीच भरा आणि गच्चीवर बसून खा."

वरच्या मोठ्या चाकाचे बेअरिंग अजून आलेलेच नाहीत. दोराचा तुकडा कापून कुठेतरी तपासणीला गेलाय, त्याचं उत्तर नाही. तो तुकडा पानानेच कापला. टोकं बांधायला लोखंडी तार संपलेली. साहेब म्हणाले, उद्या मागवू. हा म्हणाला, उद्यापर्यंत पीळ सुटेल. जळलेल्या मोटारीच्या गुंडाळीतून तांब्याची तार ओढून काढली आणि दोन्ही टोकं अशी बांधली म्हणे, की सोनाराने बघत राहावं. हे सांगताना त्याने मान हलवली आणि वस्तरा थोडक्यात हुकला. न्हावी म्हणाला, "कलाकुसर नंतर सांगा, आधी गळा वाचवा."

आता हिशेब. कंपनी वेळेवर सुरू होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. गेल्या वर्षी एका शाळेची सहल रद्द झाली, तिचे पैसे आठ महिने लटकले होते. पाव गेला तर जाऊ दे. पावाच्या मागे अख्खं कशाला पाठवतेस? दुरून डोंगर साजरे, हे म्हणणाऱ्यानेही बहुतेक आगाऊ पैसे भरले असावेत.

मायक्रोमीटर धरायला तुला मी शिकवलं. नऊ वर्षांची होतीस, पहिल्या दिवशी माझ्या मिशीचा केस मोजलास आणि म्हणालीस, "मामा, दोन टोकांना वेगळा भरतो." तेव्हा ज्या डोक्याने मोजलंस, तेच आता वापर.

मामा

ता. क. मला डोंगर बघायचा आहे, पण डोंगर कुठे पळून जात नाही. तू वेळेवर जेवतेस का? – मामी

---

९ एप्रिल

प्रयोगशाळा प्रमुख यांस,

बाई, तोंडी सांगण्यापेक्षा लिहून देणं योग्य वाटलं.

३० मार्चला मी तपासलेला तुकडा क्रमांक ४१७ कोणाचा आहे, हे मला काल कळलं. त्याची टोकं तांब्याच्या तारेने बांधलेली होती. तसं बांधलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं, म्हणून नोंदवहीत लिहून ठेवलं आहे. काल माझ्या मामांचं पत्र आलं, त्यात ती तार बांधणाऱ्या माणसाचाच किस्सा आहे. तो तुकडा माझ्या टेबलावर आला, हे मामांना माहीत नाही.

माझा निकाल आपल्याकडे आहे. एका पिळाच्या लांबीत तुटलेल्या तारा अकरा. मर्यादा सहा. नियमाप्रमाणे दोराच्या दुसऱ्या टोकाचा तुकडा मागवला आहे. तोही असाच निघाला तर दोर बदलावा लागेल. म्हणजे चार महिने.

त्या रोपवेने २० मेला मी, मामा आणि मामी जाणार आहोत. मोठी रक्कम १८ एप्रिलला भरायची आहे. ती भरण्यात अर्थ नाही, हे आता मला कळतं. पण ते फक्त या टेबलामुळे कळतं.

दुसरा तुकडा मला देऊ नये. रकमेबाबत काय करावं, याचा नियम मला सापडला नाही.

---

९ एप्रिल, दुपारी

दुसरा तुकडा तुमच्या शेजारच्या टेबलावर जाईल. निकाल जाहीर होईपर्यंत बाहेर एक अक्षर नाही, मामांनाही नाही. रोपवे बंद आहे, डब्यात कोणी बसत नाही, म्हणून आपण थांबू शकतो. चालू असता तर ३० मार्चलाच फोन केला असता.

रकमेचा नियम मलाही माहीत नाही. हा तुकडा तुमच्याकडे आलाच नसता तर तुम्ही जे केलं असतं, ते करा.

अकराव्या तारेपुढे तुम्ही आधी प्रश्नचिन्ह केलं होतं आणि मग खोडलंत. मी भिंग घेऊन स्वतः मोजल्या. अकराच आहेत.

– प्रमुख

---

१० एप्रिल

ती. मामा, नमस्कार.

पत्र पोचलं.

१८ तारखेला पैसे भरणार आहे. २ एप्रिलच्या पत्रात लिहिलं होतं तेच. त्यात बदल नाही.

मामीचे पैसे आज मामीच्या खात्यावर परत पाठवले. दोन्ही खोल्यांचे मी भरेन. कारण विचारू नका.

पानाकडून रोपवेबद्दल जे काही कळेल, ते यापुढे मला लिहू नका.

मी जेवते.

भाची

---

१४ एप्रिल

बाईसाहेब,

पत्र मिळालं. पत्र कसलं, कारखान्याच्या फाटकावर डकवतात तसली सूचना. फक्त खाली 'हुकमावरून' लिहायचं राहिलं.

कारण विचारू नका म्हणतेस, नाही विचारत. पण मला दिसतं ते लिहितो. मामीने दोन वर्षं लोकांच्या शर्टांच्या झिजलेल्या कॉलरी उलटून शिवल्या. एका कॉलरीला काय मिळतं, तुला माहीत आहे, तू तिच्या बाजूला बसून टाके उसवून द्यायचीस. त्यातून साठवलेले पैसे तिने तुला दिले तेव्हा तिचा चेहरा तू पाहिलास. आज तेच पैसे कोणी पत्ता चुकल्यासारखे परत पाठवतं? आमचे पैसे तुझ्या पैशांत मिसळले तर तुझे मळतात का?

आणि पानाचं लिहू नका म्हणे! माझ्या जुन्या सोबत्याचा किस्सा तुला ऐकवत नाही एवढी मोठी झालीस, हे बरं झालं आधीच कळलं.

काल न्हाव्याकडे सगळ्यांसमोर सांगून बसलो की पैसे भरायचं ठरलंय. तो कात्री थांबवून म्हणाला, "भाची इंजिनिअर ना तुमची? मग वजाबाकी कोणाकडे टाकलीय?" सगळे हसले. मीपण हसलो. घरी येईपर्यंत हसू पुरलं नाही.

मी या गल्लीत एकाच गोष्टीवर छाती काढून चालतो, ती कुठली ते तुला ठाऊक आहे. एवढंच सांग. तुला हिशेब येत नाही, की आमच्यासोबत यायचं नाही आणि पैसे फेकून मोकळं व्हायचंय? दोन्हींपैकी एक असणार.

मामा

ता. क. हे रागावलेत. मी नाही. पैसे आले, वेगळे ठेवलेत. तू उगाच काही करत नाहीस. जेवते असं लिहिलंस, काय जेवतेस ते नाही लिहिलंस. – मामी

---

१८ एप्रिल

ती. मामा, नमस्कार.

आज सकाळी साडेदहाला पैसे भरले. पावती माझ्याकडे आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हिशेब येतो. तुमच्यासोबत यायचं आहे. तिसरं काही असू शकतं, हे तुम्ही धरलं नाहीत. त्यापुढे मला लिहिता येत नाही.

न्हाव्याला सांगा, भाचीला वजाबाकी येत नाही. मला चालेल.

चालेल हे पूर्ण खरं नाही. पण तेच सांगा.

भाची

---

१२ मे

चि. मोजपट्टी, अनेक आशीर्वाद.

चार आठवडे लिहिलं नाही. आधी रागाने, आणि गेले तीन दिवस लाजेने.

नऊ तारखेला न्हाव्याकडे गेलो. त्याच्या दुकानासमोरच्या खांबावर रोपवेची सूचना लागलेली. न्हाव्याने एक गाल संपवला आणि खिडकीतून बघत मोठ्याने वाचायला लागला. "दोराच्या दोन्ही टोकांच्या तपासणीत तुटलेल्या तारा मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने, दोर बदलेपर्यंत रोपवे बंद." खाली कोणी तपासलं, त्या प्रयोगशाळेचं नाव. मी म्हटलं, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं. तुझ्या पाकिटाच्या मागे छापलेलं असतं तेच नाव. त्याखाली तारखा. पहिला तुकडा तपासला, ३० मार्च.

मी उठलो. तो ओरडला, "अहो, दुसरा गाल!" म्हटलं, राहू दे.

घरी येऊन तुझी पत्रं काढली आणि तारखा एकाखाली एक लिहिल्या. दोन एप्रिलला तू सहा मुद्दे लिहितेस, लांबलचक, कामाचंही सांगतेस. सहा तारखेला मी माझ्या हाताने तांब्याची तार लिहून पाठवतो. दहा तारखेला तू चार ओळींची होतेस. म्हणजे तुझं तोंड मी बंद केलं. आणि मग मीच विचारत बसलो, बोलत का नाहीस.

तुला माहीत होतं. पैसे अडकणार, हे आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त पक्कं तुला माहीत होतं. तरी भरलेस. आणि मी तुला वजाबाकी विचारली.

मामीला सगळं समजावून सांगितलं. ती दोरा ओवत म्हणाली, "मला दहा तारखेच्या पत्रावरूनच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"पोरीने काहीतरी धरून ठेवलंय, आणि ते जड आहे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही न्हाव्याकडे जाता."



आता माझी पंचाईत ऐक. दुसऱ्या दिवशी उरलेला गाल करायला गेलो. न्हावी म्हणाला, "बघा, सांगत होतो ना? गेले पैसे!" आणि चार जण माझ्याकडे बघायला लागले. उत्तर अगदी ओठावर होतं. पण सांगितलं तर पानाचं नाव निघणार, तुझी नोंदवही निघणार, कोणी म्हणणार मामा-भाचीने आधीच ठरवलं होतं. गिळलं. म्हटलं, "हो बाबा, पोरगी फसली." जन्मात छाती एवढी फुगली नव्हती, आणि दाखवायला एक माणूस नाही. सदऱ्याची बटणं लावून गुपचूप घरी आलो.

मी चाळीस वर्षांत एकही दांडा जाडी चुकलेली असताना पुढे सोडला नाही. कोणी बघत नसतानाही नाही. हे मी तुला शिकवलं, असं मी लोकांना सांगत आलो. पण माझं सोपं होतं गं. लोखंड कारखान्याचं होतं, नुकसान झालं तर कारखान्याचं. तू तेच माप स्वतःच्या पैशाला लावलंस, आणि वर मामाच्या शिव्या खाल्ल्यास. हे मी शिकवलेलं नाही. हे तुझं तू शिकलीस.

चौदा तारखेचं पत्र फाडून टाक.

मामा

---

१७ मे

ती. मामा, नमस्कार.

चौदा तारखेचं पत्र फाडणार नाही. मामीचा ता. क. त्याच कागदावर आहे.

तुमचा तारखांचा हिशेब बरोबर आहे. दुसरा तुकडा मी पाहिलाही नाही, तो दुसऱ्याने तपासला. माझ्या तुकड्यात अकरा तारा तुटलेल्या होत्या, त्याच्या तुकड्यात नऊ. मर्यादा सहा. आता हे जाहीर आहे, म्हणून लिहिते.

मामीच्या पैशांबद्दल लिहायला हवं. ते ठेवले असते, तर मला माहीत असलेल्या गोष्टीचा भार तुमच्या अंगावर टाकला असता. माझे पैसे अडकवायचा मला हक्क होता, तुमचे अडकवायचा नव्हता. परत पाठवले तर तुम्हाला संशय येईल, ही भीतीही होती. तो आला, पण भलताच आला. मी त्या दिवशी सुटले. संध्याकाळी मात्र तुमचं पत्र तीनदा वाचलं.

पानाने टोकं इतकी घट्ट बांधली होती की आतली एक तारसुद्धा सरकलेली नव्हती. त्यामुळे कंपनीच्या माणसांना माझ्या मोजणीवर शंका घेता आली नाही. त्यांनी प्रयत्न केला. हे त्याला सांगावंसं मला फार वाटतं. तुम्हालाही वाटेल. कृपा करून सांगू नका.

आता पुढचं. कंपनीने दोन पर्याय दिले आहेत. पैसे जूनअखेरपर्यंत परत, किंवा नवा दोर चढल्यावर ऑक्टोबरात त्याच खोल्या.

नवा दोर जुलैत येईल. तो बसवण्याआधी आमच्याकडेच तपासायचा आहे. ही तपासणी उघड असते. दोर कोणाचा ते माहीत असतं, कंपनीची माणसं समोर उभी असतात. प्रमुख बाईंनी ती माझ्याकडे देऊ केली आहे. चार वर्षं मी मोजते आणि सही दुसऱ्या कोणाची असते. या वेळी अहवालाखाली फक्त माझी असेल.

त्यासाठी अट आहे. त्या कंपनीकडे माझ्या नावावर खोली किंवा माझे पैसे असता कामा नयेत. म्हणजे मी त्या सहलीला येऊ शकत नाही. मी बाईंना विचारलं, माझे मामा आणि मामी त्याच दोरावरून जाणार असतील तर? त्या म्हणाल्या, नोंदवहीत तसं स्पष्ट लिहा, मी शेजारी उभी राहून प्रत्येक तार पुन्हा मोजेन. मग म्हणाल्या, तुमचे मामा जाणार असतील तर मला मोजायची गरज पडेल असं वाटत नाही, पण मोजेन.

मला ती सही करायची आहे. तुमच्यासोबत डोंगरावरही यायचं होतं. दोन्ही होणार नाही. मी सही निवडली, आणि हे तुम्हाला विचारून निवडलेलं नाही. त्याचा राग आला तर तो या वेळी बरोबर जागी असेल.

तुमचं मात्र तुम्ही ठरवायचं. एक खोली तुमच्या नावावर करून घेता येते. तिचे सगळे पैसे तुम्ही भरायचे, मग माझे मला परत मिळतील. मी तुमच्यासोबत नसेन. डबा दरीच्या मध्यावर जातो तेव्हा थोडा हलतो. तो हलायलाच हवा. मामीला हे आधी सांगून ठेवा.

जाणार असाल तर तसं लिहा, पैसे परत हवे असतील तर तसं लिहा. मामीचं उत्तर मामीने वेगळ्या कागदावर, तुमचं न वाचता लिहावं. तुम्ही जाणार की नाही, ते नोंदवहीत मला १ जूनला सकाळी लिहायचं आहे. दोन्ही उत्तरं ३० मेपर्यंत माझ्या हातात पडतील अशी पाठवा.

तुमची,
भाची